पन्हाळ्यावर दुर्बीण घेऊन

कोल्हापुराच्या वायव्येस सुमारें २० किलोमीटरांवर असलेला पन्हाळगड आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलेला असेल. शिलाहार नृपति दुसरा भोज याच्या कारकीर्दींतला हा किल्ला, ७ किलोमीटरांहून अधिक लांबीची त्याची तटबंदी, अंबरखान्याचीं प्रचंड धान्यकोठारें, अंधारबाव, तीन दरवाजा, सज्जाकोठी, आणि १६६० सालच्या आषाढांत सिद्दी जौहरच्या वेढ्यांतून शिवाजीमहाराज निसटले ती पावसाळी रात्र, यांचीं वर्णनें शाळेच्या पुस्तकांपासून सर्वत्र आलेलीं आहेत. २०२५ सालच्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांतही पन्हाळा आहेच. तेव्हां तें सर्व पुन्हां सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्ही पन्हाळ्यास जातों तें पक्षी पाहण्यासाठीं. आणि आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे तें एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूविषयीं, म्हणजे दुर्बीण ज्यावर बसते त्या तिपाईच्या माथ्याविषयीं. ही वस्तु आम्हीं चुकीची निवडल्यामुळें आमच्या घरांतील वडील माणसाची एक जुनी इच्छा अगदीं हातातोंडाशीं येऊन राहून गेली, म्हणून हा लेखनप्रपंच.

पक्षी पाहणारास पन्हाळ्यासारखी जागा क्वचितच मिळते. मैदानांत घार आपल्या डोक्यावर असते. येथें तटाशीं उभें राहिलें कीं ती पायाखालीं फिरतांना दिसते, आणि एरवीं जी पाठ दृष्टीस पडत नाहीं ती उन्हांत चकाकते. जांभ्या दगडाच्या कड्यांलगत पाकोळ्या भिरभिरत असतात, व पश्चिमेस पुसाटी बुरुजाकडून दूरवर मसाईचें पठार पसरलेलें दिसतें. तबक उद्यानांतील बुलबुल किंवा तांबट पाहावयास हातांतील आठपट दाखविणारी दुर्बीण पुरे होते. परंतु दरीपलीकडच्या उतारावर बसलेला पक्षी ओळखावयाचा तर एकनळी मोठी दुर्बीण हवी. दुकानांत तिला ‘स्पॉटिंग स्कोप’ म्हणतात. साधारणपणें २० पासून ६० पटींपर्यंत ती वस्तु मोठी करून दाखविते. तिचा गुण असा कीं, पक्ष्याला न बुजवितां, त्याच्या घरट्याच्या वाटेस न जातां, तो आपल्या घरीं कसा वागतो हें पाहतां येतें. अवगुण असा कीं, ती हातांत धरून चालत नाहीं. ३० पटींनीं पक्षी मोठा होतो तसा हाताचा कंपही ३० पटींनीं मोठा होतो. म्हणून तिपाई, म्हणजे ट्रायपॉड, लागते. आणि तिपाईचे पाय व दुर्बीण यांच्यामध्यें, दुर्बीण वळविणारा व रोखून धरणारा जो जोड असतो, तो तिपाईचा माथा. दुकानदार त्याला ‘हेड’ म्हणतात.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही सहकुटुंब दोन दिवस गडावर राहिलों होतों. बरोबर आमच्या मातोश्री, धाकटे बंधु व वहिनी, आणि दोन्ही घरचीं मिळून चार मुलें. मातोश्रींचें वय ७९. त्यांचें माहेर गडाच्या पायथ्याच्या बाजूचें. लहानपणीं वडिलांचें बोट धरून मसाईच्या पठारावर गेल्या असतां त्यांनीं खरूची प्रथम पाहिली. खरूची हा ससाण्याच्या कुळांतील, कबुतराएवढा पक्षी. हिंवाळ्यांत तो उत्तरेकडून आपल्या मुलखांत येतो. वाऱ्याकडे तोंड करून, पंख फडफडवीत तो एका जागीं अधांतरीं उभा राहतो, आणि खालीं गवतांत टोळ, सरडा किंवा उंदीर हालतांच त्यावर झडप घालतो. ‘हा बघ, वाऱ्यावर उभा राहणारा पक्षी,’ असें आमच्या आजोबांनीं त्यांना सांगितलें होतें. पुढें इतक्या वर्षांत तो त्यांना अनेकदां दिसला, पण प्रत्येक वेळीं आभाळावरचा काळा ठिपका म्हणून. त्याचा रंग तरी कसा असतो, हें एकदां पाहावें असें त्या म्हणत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर दृष्टि स्वच्छ झाली होती. गुडघे मात्र दर वर्षीं अधिक कुरकुरूं लागले होते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुसाटी बुरुजाच्या अलीकडे आम्ही दुर्बीण मांडून बसलों असतां, समोरच्या उतारावर, अदमासें ३०० मीटरांवर, एका खडकावर खरूची बसलेली आमच्या पुतण्याला दिसली. आम्हीं दुर्बीण तिच्यावर धरली, ३० पट केली, पक्षी बरोबर मध्यभागीं आणला, माथ्याचा स्क्रू आवळला आणि हांक मारली, ‘आई, लवकर ये, दगडावर बसली आहे बघ.’ मातोश्री काठी टेकीत आल्या, वांकल्या, आणि म्हणाल्या, ‘मला तर नुसतें गवतच दिसतें आहे रे!’ आम्हीं पुन्हां पक्षी मध्यभागीं आणला, पुन्हां आवळला, पुन्हां गवत. तिसऱ्या वेळीं आम्ही स्क्रूशीं झटत असतांनाच खरूची उडून गेली. मातोश्री एवढेंच म्हणाल्या, ‘असूं दे. तुम्हीं पाहिलात ना, झालें तर.’ त्यांच्या त्या समजूतदारपणाचा आम्हांला जितका सल लागला तितका रागावण्याचा लागला नसता.

झालें काय होतें, तें साध्या हिशेबानें समजतें. ३० पटींवर अशा दुर्बिणींतून सुमारें २ अंशांचेंच क्षेत्र दिसतें. ३०० मीटरांवर तें १० मीटर व्यासाचें वर्तुळ होय. माथा आवळून हात काढतांच दुर्बिणीचें तोंड एका अंशानें जरी खालीं आलें, तरी मध्यभागींचा पक्षी वर्तुळाच्या कांठावर जातो. त्याहून थोडें अधिक आलें कीं तो बाहेर. एक अंश म्हणजे घड्याळाचा मिनिटकांटा १० सेकंदांत सरकतो तेवढें अंतर. पाहणाऱ्या स्वतःला याचा उपद्रव फारसा जाणवत नाहीं, कारण त्याचा हात दांड्यावर असतो व तो नकळत दुर्बीण सांवरून धरतो. उपद्रव होतो तो त्याच्यानंतर पाहावयास येणाऱ्या दुसऱ्या माणसाला. एकटा हिंडणारा गृहस्थ कसाही माथा चालवून घेईल. ज्या घरांत एका दुर्बिणीमागें आठ माणसें रांगेनें उभीं राहतात, तेथें माथा निवडावयाचा तो रांगेंतील दुसऱ्या माणसासाठीं, हें तत्त्व आम्हीं त्या दिवशीं शिकलों.

आमचा माथा ‘बॉलहेड’ या जातीचा होता. खोबणींत बसविलेला एक गोळा, आणि त्याला आवळणारा एक स्क्रू, एवढीच त्याची रचना. सर्वांत हलका म्हणून आम्हीं तो हौसेनें घेतला होता. त्याचें वजन ३०० ग्रॅम. त्याच्या कागदावर ५ किलोंचा भार पेलण्याची ग्वाही होती, आणि ती खोटीही नव्हती: दुर्बीण कधीं कोसळली नाहीं. परंतु न कोसळणें वेगळें आणि जेथें ठेविली तेथेंच राहणें वेगळें. गोळा सैल केला कीं दुर्बीण डावी-उजवी, वर-खालीं आणि कुशीवर, अशी तिन्ही प्रकारें एकदमच मोकळी होते. आवळतांना गोळा किंचित् फिरतो. आणि लांब नळीचा भार एका बाजूस अधिक असल्यानें ती आवळल्यानंतरही थोडी लवते. छायाचित्रकाराला हा माथा सोयीचा असतो, कारण त्याचें काम एका क्षणाचें असतें. दुर्बिणीचें काम तसें नव्हे.

तोलाची ही विद्या गडाच्या इतिहासाला अपरिचित नाहीं. १६६० च्या वेढ्यांत राजापूरच्या वखारींतील इंग्रज आपला दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीस आले होते, व पुढच्याच सालीं महाराजांनीं राजापुरावर छापा घालून त्याचें उट्टें काढलें. जुन्या तोफेची रचना पाहावी. तिच्या दोहों बाजूंस निघालेले दोन गोल खुंट गाड्यावर टेकलेले असतात, आणि ते नळीच्या तोलबिंदूच्या किंचित् पुढें असतात. त्यामुळें टनावारी वजनाची तोफ एका पाचरीनें वर-खालीं करतां येते, आणि ती पाचरीवर स्थिर राहते. बळ कमी लागतें तें भार जागच्या जागीं तोललेला असतो म्हणून. उलट ज्यांनीं स्थिरता वजनांत शोधली त्यांना वजनाची किंमतही मोजावी लागली. विल्यम लॅम्बटन यानें १८०२ सालीं मद्रासेहून आरंभिलेल्या मोजणीसाठीं जें मोठें थिओडोलाइट आणविलें होतें, तें सुमारें अर्ध्या टनाचें होतें. १८०८ सालीं तंजावरच्या मोठ्या मंदिरावर तें चढवीत असतां दोरानें दगा दिला, यंत्र भिंतीवर आदळलें, आणि त्याचें अंशवर्तुळ वांकडें झालें.

आमचेंही थोडक्यांत तसेंच झालें. घरीं परतल्यावर एका स्नेह्यांनीं चलच्चित्रें घेण्याचा आपला मोठा माथा आम्हांला वापरावयास दिला. वजन १ किलो ६०० ग्रॅम. काम अप्रतिम, दुर्बीण जेथें ठेवावी तेथें खिळल्यासारखी राही. परंतु त्याला जाड पायांची तिपाई लागली, आणि एकंदर ओझें ५ किलोंवर गेलें. पुन्हां गडावर गेलों तेव्हां पहिल्या दिवशीं पुतण्यानें तें उत्साहानें तटापर्यंत वाहिलें. दुसऱ्या दिवशीं ‘काका, आज राहूं द्या ना,’ असें म्हणून सर्वांच्या संमतीनें तें खोलींतच ठेवण्यांत आलें. खोलींत राहिलेली दुर्बीण कितीही स्थिर असली तरी तिच्यांतून खरूची दिसत नाहीं.

मग हलका तरी स्थिर असा माथा मिळावा कसा? याचें उत्तर आम्हांला पन्हाळ्यावरच, एका वेगळ्या आठवणींतून मिळालें. कविवर्य मोरोपंतांचा जन्म १७२९ सालीं याच गडावर झाला. त्यांच्या अनेक रामायणांत एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे. त्यांत ओष्ठ्य वर्ण, म्हणजे प, फ, ब, भ, म, गाळलेले आहेत. एवढें गाळूनही रामकथेला कोठें उणेपणा येत नाहीं. माथ्याचेंही तसेंच करावें. दुर्बिणीला दोनच हालचाली लागतात: आडवी फिरणें व वर-खालीं होणें. कुशीवर वळण्याची तिसरी हालचाल छायाचित्रकाराला उभें चित्र घेण्यासाठीं लागते. दुर्बीण कुशीवर वळवून पाहण्याचें कोणास कारण पडत नाहीं. ती तिसरी हालचाल, तिचा दांडा, तिचा सांधा हें सर्व गाळलें कीं वजन कमी होतें, आणि उरलेले दोन सांधे भक्कम ठेवितां येतात. उपयोगाचा भाग पातळ करून आणलेला हलकेपणा घातक. निरुपयोगी भाग गाळून आलेला हलकेपणा हितकर. या दोन हालचालींच्या लहान माथ्यांना बाजारांत ‘टू-वे’ किंवा ‘फ्लुइड हेड’ म्हणतात. इटलीच्या मॅनफ्रोटो व जिट्झो, ऑस्ट्रियाच्या स्वारोव्स्की, चीनच्या सिरुई व बेनरो या कारखान्यांचे असे माथे मिळतात. ४०० पासून ७०० ग्रॅमांपर्यंतच्या वजनांत पुष्कळांचें काम भागतें. नांवापेक्षां कसोटीवर विसंबावें, म्हणून आम्हीं केलेल्या कसोट्या येथें देतों. दुकानांत जातांना आपली दुर्बीण बरोबर नेण्यास संकोच करूं नये.

पहिली कसोटी हात सोडण्याची. रस्त्यापलीकडच्या एखाद्या पाटीवरील अनुस्वार दुर्बिणीच्या मध्यभागीं आणावा. माथा आवळावा, हात काढावा, आणि पाहावें. अनुस्वार हालला तर माथा परत करावा. मग माथा किंचित् सैल ठेवून तसेंच करावें. चांगला माथा न आवळतांही, निदान दुर्बीण आडवी असतांना, जागचा हालत नाहीं. आमच्या मतें ही एकच कसोटी निम्मी निवड करून टाकते.

दुसरी कसोटी हळू वळविण्याची. धातूवर धातु घासत असला कीं माथा आधीं अडतो, मग एकदम उडी मारतो. आकाशांत फिरणारी घार त्या उडींत हरवते. फ्लुइड हेडमध्यें चकत्यांच्या मध्यें घट्ट वंगण असतें. जितकें जोरानें ढकलावें तितका त्याचा विरोध वाढतो, व हळू ढकलल्यास तें हळू वाट देतें. अनुस्वारावरून शेजारच्या अक्षरावर जातांना आरंभीं हिसका बसतो कीं नाहीं, एवढें पाहावें.

तिसरी कसोटी तोलाची. कांहीं माथ्यांत दुर्बिणीचा भार सांवरण्यासाठीं आंत स्प्रिंग असते. दुर्बीण स्प्रिंगेच्या मानानें फार हलकी असली, तर खालीं वळविलेलें तोंड आपोआप वर उसळतें. फार जड असली, तर लवतें. पन्हाळ्यासारख्या ठिकाणीं, जेथें पुष्कळ वेळ दरींत खालीं पाहावयाचें असतें, तेथें ही उसळी फार त्रास देते. म्हणून माथ्यावरची पट्टी पुढें-मागें सरकणारी असावी, म्हणजे तोफेच्या खुंटांप्रमाणें दुर्बिणीचा तोलबिंदु सांध्यावर आणतां येतो.

चौथी कसोटी त्या पट्टीची. दुर्बिणीचा पाय एकाच स्क्रूनें पट्टीवर बसविलेला असला, तर बाजूनें धक्का लागतांच ती स्क्रूभोंवतीं फिरूं लागते. पट्टीला स्क्रूशिवाय एखादी खुंटी किंवा कड असावी. ‘आर्का’ पद्धतीची, ३८ मिलिमीटर रुंदीची पट्टी आतां बहुतेक ठिकाणीं चालते, आणि पुष्कळ दुर्बिणींचे पायच त्या आकाराचे येतात. तसें असल्यास मधली पट्टी वगळून तेवढें वजन वांचतें.

पांचवी कसोटी घरच्या माणसांची. ज्या दुर्बिणीचा नेत्रभाग तिरपा असतो, तिच्यांत वरून वांकून पाहतां येतें. म्हणून तिपाई ठेंगणी ठेविली तरी उंच माणसाची सोय होते, मुलांची होते, आणि खुर्चीवर बसलेल्या वृद्धांचीही होते. ठेंगणी तिपाई वाऱ्यांत कमी थरथरते, हा आणखी लाभ. गडाच्या पश्चिमेच्या तटावर वारा कसा असतो, हें तेथें गेलेल्यांस सांगावयास नको. पण अशा वेळीं माथ्याचा दांडा पाहणाराच्या छातीस किंवा चष्म्यास अडतो. तो कोन बदलून बाजूला नेतां यावा, आणि डावखोऱ्या माणसासाठीं दुसऱ्या बाजूसही बसवितां यावा.

शेवटची कसोटी तराजूची. माथ्याचें एकट्याचें वजन पाहूं नये. सर्व सरंजाम एकत्र तोलावा. आमची ६५ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण १ किलो २५० ग्रॅम, कार्बन फायबरची तिपाई १ किलो २०० ग्रॅम, आणि शेवटीं घेतलेला माथा ६०० ग्रॅम. एकूण ३ किलो ५० ग्रॅम. पहिल्या माथ्यापेक्षां ३०० ग्रॅम अधिक आणि उसन्या माथ्यापेक्षां १ किलो कमी. हें ओझें घरांतील कोणीही, वहिनींपासून बारा वर्षांच्या मुलीपर्यंत, तटापर्यंत नेऊं शकतें.

माघांत आम्ही पुन्हां गडावर गेलों. मातोश्री येण्यास प्रथम तयार नव्हत्या. ‘माझ्या गुडघ्यांपायीं तुम्हां सगळ्यांचा खोळंबा होतो,’ असें त्या म्हणाल्या. आम्हीं एक घडीची खुर्ची बरोबर घेतली, आणि पूर्वीच्याच ठिकाणीं, तटाच्या आडोशास, त्यांना बसविलें. तिपाई खुर्चीच्या उंचीला आणून ठेविली. सकाळचे नऊ वाजले, दहा वाजले. वारा होता, पण खरूची नव्हती. मुलें कंटाळून झुणका-भाकरीच्या गोष्टी बोलूं लागलीं. साडेदहाच्या सुमारास ती पठाराच्या बाजूनें आली, थोडा वेळ दरीवर वाऱ्यांत उभी राहिली, आणि खालच्या उतारावरील एका खडकावर उतरली. पुतण्यानें दुर्बीण तिच्यावर धरली, हात काढला, आणि कांहीं न बोलतां बाजूला झाला.

मातोश्री पुढें वांकल्या. आम्ही सर्व गप्प उभे होतों. बराच वेळ त्या कांहींच बोलल्या नाहींत, तेव्हां पुन्हां गवतच दिसत असावें या शंकेनें आमचा जीव खालीं-वर होऊं लागला. मग त्या डोळा न काढतांच म्हणाल्या, ‘पाठ विटकरी आहे रे त्याची. आणि डोकें राखाडी.’ नर खरूचीचे रंग तेच असतात. थोड्या वेळानें त्या पुन्हां म्हणाल्या, ‘नानांना हें ठाऊक नव्हतें. ते काळा म्हणत.’ नाना म्हणजे आमचे आजोबा. त्यानंतर धाकट्या मुलीनें पाहिलें, वहिनींनीं पाहिलें, बंधूंनीं पाहिलें. दुर्बिणीला कोणीं हात लाविला नाहीं, आणि पक्षी आपल्या जागीं होता. सर्वांचें पाहून झाल्यावर मातोश्रींनीं पुन्हां एकदां पाहिलें.

गडावर जाणाऱ्या कुटुंबांस आमची एवढीच विनंति आहे. दुर्बिणीच्या भिंगांची चौकशी सर्वजण करतात व ती करावीच. परंतु खर्चाचा एक भाग माथ्यासाठीं आधींपासूनच बाजूला ठेवावा, म्हणजे शेवटीं उरलेल्या पैशांत मिळेल तो घेण्याची पाळी येत नाहीं. घरीं आल्यावर सांध्यांवरची तांबडी धूळ कोरड्या मऊ फडक्यानें पुसून टाकावी. आणि पक्षी दिसल्यावर घरांतील ज्या माणसाला पुन्हां गडावर येण्याचा भरंवसा वाटत नसेल, त्याला रांगेंत पहिलें उभें करावें.